गोळ्याच्या पोटात पोकळी नको

प्रिय बेटा,

अग्निवीर भरतीसाठी तू पहाटे वरोरा रोडवर धावतोस. धावत राहा. पण परवा म्हणालास, "काका, आता लढाई ड्रोनची, तोफा गेल्या." ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

ड्रोन आलेत, हे खरंच. नागपुरात बनलेलं नागास्त्र-1 हे लक्ष्यावर जाऊन आदळणारं ड्रोन 2024 मध्ये लष्कराच्या हाती पडलं, तेव्हा ऊर भरून आला होता. तरी मार्च 2025 मध्ये सरकारने 307 नव्या 155 मिमी (नळीचा व्यास) तोफांचा करार केलाच ना? तोफ किती लांब मारते यासोबत ती किती दिवस मारत राहील, हेही शत्रू मोजतो. वचक बसतो तो त्या हिशोबाने. 1999 ला कारगिलमध्ये आपण अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब अन् रॉकेटं डागली. 2017 मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, दारूगोळ्याच्या तुटवड्यावर बोट ठेवलं, ते मला फार लागलं.

हे 155 मिमीचे गोळे आपल्या भद्रावतीच्या दारूगोळा कारखान्यात भरतात. टीएनटी हे स्फोटक 80 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. ते गोळ्यात ओतायचं आणि सावकाश निवू द्यायचं. घाई झाली की आत पोकळी राहते. तोफ डागताना बसणाऱ्या हिसक्याने गोळा नळीतच फुटू शकतो, तोही आपल्याच पोरांच्या अंगावर. म्हणून गोळ्याचा एक्स-रे काढतात. भराईत जाताना काडेपेटी, मोबाइल गेटवरच ठेवायचा, अंगावर सुती कपडे. साठवणही तेवढीच जोखमीची. 30-31 मे 2016 च्या रात्री पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत आग लागली, त्यात लष्करी अधिकारी आणि फायर ब्रिगेडची माणसं गेली. सीमेपासून इतक्या दूर, वर्धा जिल्ह्यात, देशासाठीच गेली ती.

म्हणून सैन्य आधुनिक करायचं तर नव्या तोफेइतकाच पैसा भराईच्या यंत्रांवर आणि सुरक्षित गोदामांवर लागला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. माणूस स्फोटकापासून जितका लांब, तितकं बरं.

तुझ्यापुरतं सांगतो. अग्निवीर चार वर्षांचा, पुढे पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम होतात. तेव्हा धावण्यासोबत आयटीआयचा फॉर्म भर. एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट चालवणाऱ्या ऑपरेटरचा ट्रेड बघ. दारूगोळा कारखान्यांत डेंजर बिल्डिंग वर्करच्या, म्हणजे स्फोटकं हाताळणाऱ्या कामगारांच्या जागा निघतात, त्यात याच ट्रेडच्या अप्रेंटिस पोरांना घेतात. अलीकडे त्या कायम नसून ठरावीक मुदतीच्या असतात, तेवढं घरी आधीच सांगून ठेव. रविवारी मार्कशीट घेऊन ये, फॉर्म सोबत भरू.

तुझा,
काका