हॉटेलच्या कामात शिरताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा यंदा दहावी झाला, ५५ टक्के पडले. नागपूरच्या एका खासगी संस्थेत हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा दीड लाखात होतो आणि नोकरीची शंभर टक्के हमी आहे, असं सांगतात. कापसाचे पैसे त्यात घालावेत का?
– एक पालक, चिमूर तालुका

उत्तर : इतक्यात घालू नका. मुलाला स्वयंपाकघरात जायचंय, टेबलावर वाढायचंय की रिसेप्शनवर उभं राहायचंय, हे आधी त्यालाच विचारा. स्वयंपाकघर म्हणाला तर आयटीआयचा ‘फूड प्रोडक्शन (जनरल)’ हा एक वर्षाचा ट्रेड दहावीवर मिळतो. वाढण्याच्या कामासाठी ‘फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असिस्टंट’ आहे. सरकारी आयटीआयची फी खासगी डिप्लोम्याच्या मानाने काहीच नाही. मात्र हे ट्रेड प्रत्येक तालुक्यात नसतात, म्हणून ऑनलाइन अर्जात पर्याय भरण्याआधी जिल्ह्याची यादी बघा. पुढे पदवी हवी असेल तर इंग्रजी विषय घेऊन बारावी करायची आणि एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा द्यायची. मुंबईतल्या दादरच्या सरकारी संस्थेत याच परीक्षेतून प्रवेश होतो.

खासगी संस्थेतच घालायचं ठरलं, तर मागच्या बॅचच्या चार मुलांशी स्वतः फोनवर बोला. आज कुठे आहेत आणि हातात किती येतात, एवढंच विचारा. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांच्या बिनपगारी ट्रेनिंगलाच ‘नोकरी लावून दिली’ म्हणतात.

पहिली नोकरी बहुतेक कॉमी-३ या पदाची, म्हणजे कापणं, सोलणं, फ्रिज लावणं. मुलं इथेच कंटाळून घरी परततात. कापण्याचा सराव घरीच करून घ्या. पाटाखाली ओलं फडकं अंथरा, म्हणजे पाट सरकत नाही. भाजी धरलेल्या हाताच्या बोटांची टोकं आत वळवा, पातं बोटांच्या पेरांना टेकून चाललं पाहिजे. सुरी धारदारच हवी, कारण बोथट सुरीवर जोर लावावा लागतो आणि ती घसरून हातात शिरते. कांद्याच्या फोडी एकसारख्या नसल्या तर बारीक जळतात, जाड कच्च्या राहतात आणि रस्सा कडवट होतो. हॉटेलात रस्सा परत आला की पहिला प्रश्न कापणाऱ्यालाच विचारतात.

प्रश्न : बारावी झाले. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळच्या रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला घेतो म्हणतात, पण पावसाळ्यात काम बंद असतं. जावं का?
– एक वाचक, भद्रावती तालुका

उत्तर : जावं, पण पावसाळ्याचं बोलणं आधी लेखी करून. ताडोब्याचा कोअर म्हणजे आतला भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात, थोड्याफार सफारी चालतात, म्हणून काही रिसॉर्ट निम्मी माणसं ठेवतात, काही सगळ्यांनाच घरी धाडतात. त्या तीन महिन्यांत पूर्ण पगार, अर्धा की काहीच नाही, राहण्या-जेवणाचे किती कापणार आणि आठवड्याची सुटी कोणती, हे नेमणूकपत्रात यायला हवं. मुलींची खोली वेगळी आहे का, आतून कडी लागते का, हे आईवडिलांसोबत जाऊन डोळ्यांनी बघा. पीएफ कापत असतील तर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, मागून घ्या. सोडताना अनुभवपत्रावर पद आणि तारखा नीट लिहून घ्या. पुढच्या हॉटेलात पगार त्यावरच ठरतो.

प्रश्न : आमच्या बचत गटाला लग्नाच्या जेवणाची पहिली ऑर्डर मिळाली, १०० पानांची. वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी असा बेत आहे. अंदाज सांगा. दुसऱ्या एका गटाचा भात मे महिन्यात आंबला होता, त्याचीही भीती वाटते.
– बचत गटातील महिला, आर्वी तालुका

उत्तर : पोळी आहे म्हणून तांदूळ ८ किलो पुरेत, तूरडाळ ४ किलो, वांगी १२ किलो. पानं सव्वाशे होतील हे धरून चाला आणि पाव हिस्सा जादा कच्चा माल बाजूला ठेवा. शिजवून ठेवू नका.

आठ किलो भात एका गंजात शिजवला की तळाला करपतो आणि वर कच्चा राहतो, म्हणून चार-चार किलोचे दोन गंज लावा. आंबण्याचं म्हणाल, तर तांदळातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत. झाकलेल्या खोल गंजात मधला भात तासन्‌तास कोमट राहतो आणि तिथेच ते वाढतात. तेव्हा भात पंगतीच्या तासभर आधीच उतरवा. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवा. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्याच. उरलेला भात परातीत दोन बोटं जाडीचा पसरून लगेच गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. फ्रिज नसेल तर दुसऱ्या दिवशी कुणालाही देऊ नका, गटातल्या बायकांनाही नाही. सोबत कोशिंबीर केलीत तर तिच्यात दही अगदी वाढायच्या वेळी कालवा.

दर शेजारच्या केटररचा ऐकून सांगू नका. किराणा, सिलिंडर, वाढप्यांची मजुरी, भांड्यांचं भाडं आणि गाडी मांडून बघा. किराणाच दराच्या निम्म्यावर गेला तर हाती काही उरत नाही. अर्धे पैसे आधी घ्या. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची सरकारी नोंदणी ऑनलाइन होते, ती ऑर्डरच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका.