आळशी झालाय की आजारी आहे?

"मॅडम, हा आळशीपणा आहे की आजार, एवढंच आम्हाला सांगा," असे म्हणत एक वडील माझ्या समुपदेशन कक्षात समोर बसले, तेव्हा त्यांचा 17 वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीत खाली मान घालून जॅकेटची चेन वरखाली करत होता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत; प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण तो मला सतत विचारला जातो.

मुलगा दुपारपर्यंत लोळत असतो, शब्दाला शब्द वाढवतो, अभ्यासाचे नाव काढले की दार आपटतो, असे सांगता सांगता ते ओघात बोलून गेले, की ज्या बॅडमिंटनसाठी हा पहाटे उठायचा, त्याची रॅकेट तीन महिने कपाटावर पडून आहे. मी तिथेच थांबले. कंटाळा करणारे मूल सहसा नावडते तेवढे टाळते. इथे आवडतेच सुटले होते.

वडील बाहेर गेल्यावर मी त्याला उदास वाटते का, असे विचारले. "नाही," तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने, "वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. स्मॅश मारून पॉइंट मिळाला तरी काही नाही. मग जायचं कशाला?"

नैराश्य म्हटले की आपल्याला रडवेला चेहरा आठवतो, पण किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात समोर येते, आणि घरचे त्याला उद्धटपणा समजतात. नुसते उशिरा उठणे हा आजार नव्हे; या वयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते आणि 8 ते 10 तासांची झोप लागतेच. मात्र निरुत्साह किंवा चिडचिड किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातील बहुतांश वेळ टिकली, आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडून स्वतःविषयी 'मी निरुपयोगी आहे' अशी भावना आली, तर थांबू नये. तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच मुलाच्या आधीच्या रूपाशी करावी.

मग मी त्याला थेट विचारले, की जगू नये असे कधी मनात येते का. 'विचारले तर नसते ते डोक्यात येईल' अशी भीती पालकांना वाटते, परंतु विचारल्याने धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे संशोधनातूनही दिसले आहे. त्याच्या हातातली चेन थांबली. "मरायचं असं नाही, पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं कधी कधी." जीव देण्याची कोणतीही योजना नव्हती; असती, तर त्याला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागले असते. जिवाला धोका वाटला तर गुप्तता पाळता येणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितले होते, त्यामुळे आईवडिलांना कोणत्या शब्दांत सांगायचे ते आम्ही दोघांनी मिळून ठरवले. वडील ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घेतले, कारण तिथल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. काहींना औषध लागते. याच्या बाबतीत त्यांनी आधी समुपदेशन करून दर पंधरा दिवसांनी पाहायचे ठरवले.

'मूड आला की करीन' हे नैराश्यात चालत नाही. आधी थोडी कृती करावी लागते, उत्साह मागून येतो. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त रॅकेट खाली काढून तिला नवी ग्रिप गुंडाळायची होती. "एवढंच?" असे म्हणून तो वैतागला, पण गुंडाळली. वडिलांचे काम मला अधिक अवघड वाटते: रोज दहा मिनिटे त्याच्या खोलीत बसायचे आणि अभ्यासाचा विषय काढायचा नाही. पाचव्या आठवड्यात सगळे पुन्हा बिनसले, चार दिवस तो खोलीबाहेर आला नाही. तेव्हाही वडील जाऊन बसत राहिले.

तीन महिन्यांनी तो आला तो तणतणतच. त्याच्याहून लहान मुलाने त्याला हरवले होते. "इतका राग आला मॅडम, की रात्री झोपच लागेना," तो म्हणाला, आणि त्या मुलाची सर्व्हिस नेमकी कुठे पडत होती, ते माझ्या टेबलावर बोटाने रेघा ओढून दाखवू लागला.