आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाला ४-३-३ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) जमत नाही, मग कोणती फॉर्मेशन घ्यावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सांगलीतल्या कॉलेजचा संघ आहे, मॅचेस बघून ४-३-३ लावली, पहिली वीस मिनिटं संघ छान खेळतो, नंतर मधून गोल बसायला लागतात आणि कोल्हापूरचा संघ समोर असला की चार-चार बसतात. फॉर्मेशन बदलू का, कोणती घेऊ, आणि डाव्या पायाचा एकच खेळाडू आहे त्याला कुठे खेळवू?

बदला. ४-४-२ घ्या आणि अख्खा हंगाम तीच ठेवा. मी सांगली-मिरजेत शाळा-कॉलेजची पोरं खेळवतो आणि सरावाला आठवड्यातून दोन-तीनच संध्याकाळी मिळणाऱ्या संघाला मी दुसरं काही सांगणार नाही. पण नुसता आकडा बदलून काही होणार नाही, म्हणून तुमच्याकडे नेमकं काय बिघडतंय ते आधी बघू.

टीव्हीवर मॅचच्या आधी जो ४-३-३ चा तक्ता दाखवतात, तो बॉल आपल्याकडे असतानाचा असतो. बॉल गेला की तोच संघ ४-५-१ किंवा ४-१-४-१ मध्ये उभा राहतो, कारण दोन्ही विंगर, म्हणजे कडेचे फॉरवर्ड, साठ-सत्तर मीटर मागे धावत येतात. हे काम ते नव्वद मिनिटं करतात आणि त्याची तयारी वर्षभर चालते. तुमचे विंगर पहिली वीस मिनिटं येत असणार. मग पाय जड होतात आणि ते वरच थांबतात. त्यानंतर तुमच्या साइड बॅकवर, म्हणजे मागच्या फळीतल्या कडेच्या खेळाडूवर, दोन जण येतात. त्याला मदत करायला मधल्या फळीतला एक हाफ कडेला सरकतो, त्याची जागा भरायला दुसरा सरकतो, आणि स्टॉपरच्या, म्हणजे गोलसमोरच्या मधल्या बॅकच्या, पुढे मैदान मोकळं पडतं. गोल मधून बसतो, पण सुरुवात कडेला झालेली असते. म्हणून स्टॉपरला ओरडून उपयोग नाही. पुढच्या मॅचला कुणाला तरी मोबाईलवर वरच्या पायरीवरून शूटिंग करायला सांगा आणि प्रत्येक गोलच्या आधीच्या दहा सेकंदांत तुमचे विंगर कुठे होते तेवढंच बघा.

४-४-२ मध्ये हाच भार वाटला जातो. मधल्या फळीत चार जण एका ओळीत, मागे चार जण एका ओळीत, आणि प्रत्येकाच्या शेजारी कुणी तरी असतोच. कडेच्या हाफला मागे यायला कमी पळावं लागतं, कारण तो मुळातच खाली उभा असतो. नियमाप्रमाणे मैदानाची रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, आणि आपल्याकडची बहुतेक ग्राउंड अरुंदच असतात. साठ मीटरच्या मैदानात चार जण दहा-बारा मीटरवर उभे राहिले तर बॉलच्या बाजूचा निम्म्याहून अधिक भाग झाकला जातो. उरलेली बाजू सोडून द्यायची, कारण तिकडे बॉल जाईपर्यंत सगळ्यांना सरकायला वेळ मिळतो. तीन जणांना तेवढंच मैदान झाकायचं असेल तर प्रत्येकाला फार जास्त पळावं लागतं, आणि पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला चिकटायला लागली की ते होतच नाही.

ही फॉर्मेशन जुनी झाली असं पोरं म्हणतील. त्यांना इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबची २०१५-१६ ची कुठलीही मॅच दाखवा. प्रशिक्षक रानिएरींचा तो संघ बहुतेक वेळा बॉल समोरच्याला देऊन खाली दोन ओळींत उभा राहायचा, मध्ये कान्ते आणि ड्रिंकवॉटर, पुढे वार्डी आणि त्याच्या किंचित मागे ओकाझाकी. बॉल हिसकला की दोन-तीन पासात वार्डी गोलसमोर. तो संघ प्रीमियर लीग जिंकला.

आता निवड. इथे मात्र घाई करू नका, कारण फॉर्मेशन आपल्या पोरांवरून ठरते आणि पोरांच्या जागा सवयीवरून ठरलेल्या असतात. शाळेत कुणीतरी ‘तू बॅक’ म्हटलं म्हणून तो आजही बॅक असतो. दोन-तीन सराव मॅच जागा बदलून खेळवा आणि मोजक्या गोष्टी बघा. अंगावर माणूस असताना बॉल घेऊन वळता कुणाला येतं? न सांगता मागे कोण येतं? बॉल हवेत असताना बाकीच्यांना हाका कोण मारतो? सर्वांत आधी मधले दोन हाफ ठरवा, फॉरवर्ड नंतर. ४-४-२ या दोघांवर उभी असते. त्यातला एक पळणारा आणि हिसकावणारा हवा, दुसरा डोकं वर काढून पास देणारा. दोघेही पुढे जाणारे निघाले तर तुमचं दुखणं तसंच राहील. एक पुढे गेला की दुसरा थांबणार, हा नियम त्यांच्या अंगी मुरेपर्यंत दुसरं काही शिकवू नका.

जागा बदलायला आपण उगाच बिचकतो. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नेल सिंग हा भारताचा सर्वांत भक्कम स्टॉपर होता. थायलंडविरुद्ध त्याच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला बसवून ठेवलं नाही, सेमी फायनल आणि फायनलला थेट सेंटर फॉरवर्ड खेळवलं. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जीने मारला आणि दुसरा जर्नेलने. २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते आणि पुढच्याच वर्षी गेले. आपल्या देशात डावपेचाचा एवढा खोल विचार करणारा माणूस होऊन गेला, हे आपल्या पोरांना माहीत असायला हवं. म्हणून मी प्रत्येक नव्या बॅचला ही गोष्ट सांगतोच. आपल्या पोराचं बळ कशात आहे, हे त्यांनी त्याच्या नेहमीच्या जागेपलीकडे जाऊन बघितलं होतं.

शिकवायचं कसं, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो. पहिल्या दिवशी समोर संघच ठेवू नका. फक्कीने मैदानाचे उभे चार पट्टे आखा, अकरा जणांना जागेवर उभं करा आणि तुम्ही स्वतः बॉल हातात घेऊन चालत फिरा. तुम्ही डावीकडे गेलात की दोन्ही ओळींनी डावीकडे सरकायचं आणि लांबचा शेवटचा पट्टा रिकामा सोडायचा. आधी चालत, मग जॉगिंग करत, शेवटी पळत. लांबच्या बाजूचा हाफ आत येत नाही, हे तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल. त्याला वाटतं आपली जागा कडेला आहे. त्याची जागा बॉलवरून ठरते हे त्याला तिथेच, हाताला धरून दाखवा.

दुसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या फळीतलं अंतर. तुमच्या सगळ्यात पुढच्या फॉरवर्डपासून सगळ्यात मागच्या स्टॉपरपर्यंत तीस-पस्तीस मीटरच्या वर अंतर जाता कामा नये. बॉल पुढे गेला की बॅकची लाइन वर चढली पाहिजे, आणि आपल्याकडे नेमकी तीच चढत नाही. बॅकना मागे बॉल पडण्याची भीती वाटते, ते डीपाशी (गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकटीपाशी) थांबतात, आणि हाफच्या मागे वीस-पंचवीस मीटरचा मोकळा पट्टा तयार होतो. कोल्हापूरचे खेळाडू तुम्हाला मारतात ते या पट्ट्यात. तिकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ लहानपणापासून एकत्र खेळतात, पहिल्या स्पर्शात वळतात, आणि एवढी जागा मिळाली की थांबत नाहीत. गोलकीपरला या कामात घ्या. लाइन वर असताना तोही डीच्या टोकाशी आला तर मागे पडलेला बॉल तो काढू शकतो. ‘वर’ अशी हाक त्याने आणि एका स्टॉपरने मारायची, बाकीच्यांनी ऐकायची.

सरावात मैदानाची लांबी कमी करून आठ विरुद्ध सहा खेळवा. आठ जण म्हणजे तुमच्या दोन ओळी, सहा जण हल्ला करणारे. ओळींच्या मधल्या पट्ट्यात बॉल घेऊन वळलेल्या प्रत्येक खेळाडूमागे हल्लेखोरांना एक गुण. गोल झाला नाही तरी गुण. मग पोरं त्या पट्ट्याची काळजी आपोआप घेतात.

४-४-२ चं दुखणंही सांगतो. समोरच्याने मध्ये तीन हाफ ठेवले तर तुमचे दोन कमी पडतात, आणि मोकळा राहिलेला तिसरा सगळा खेळ चालवतो. त्यावर उपाय तुमच्या दोन फॉरवर्डपैकी एकाने करायचा. बॉल गेला की त्याने मागे येऊन त्यांच्या सर्वांत खालच्या हाफसमोर उभं राहायचं, म्हणजे कागदावर ४-४-१-१. त्याने बॉल हिसकला नाही तरी चालेल, त्या हाफला बॉल मिळण्याची वाट अडली पाहिजे. उलट त्यांचाच सेंटर फॉरवर्ड खाली उतरायला लागला तर स्टॉपरने त्याच्या मागे कुठवर जायचं हे मॅचआधी ठरवा. १९५३ मध्ये वेम्बलीला हंगेरीचा हिदेगकुती असाच खाली उतरत राहिला, इंग्लंडच्या स्टॉपरला जावं की थांबावं हे शेवटपर्यंत उमगलं नाही, हिदेगकुतीने हॅटट्रिक केली आणि इंग्लंड ६-३ हरलं. माझा नियम असा की स्टॉपरने मधल्या वर्तुळापर्यंत जायचं नाही, तिथे त्याला हाफच्या हवाली करायचं, आणि हे हाक मारून करायचं.

तीन बॅकची फॉर्मेशन सध्या पोरांना फार आवडते. २०१६ च्या सप्टेंबरात आर्सेनलकडून ३-० हरताना प्रशिक्षक कोन्ते यांनी चेल्सीला त्यावर नेलं आणि पुढे लीगमध्ये सलग १३ विजय आले, हे खरं. पण तिथे कडेला वर-खाली करणारे मोझेस आणि अलोन्सो होते. तशी दमाची दोन पोरं मिळेपर्यंत तुम्ही तिकडे जाऊ नका.

मॅचमध्ये करायचे बदल घरीच ठरवून या. एक खेळाडू बाहेर गेला तर ४-४-१, म्हणजे फॉरवर्ड कमी करायचा आणि दोन्ही ओळींना हात लावायचा नाही. शेवटची दहा मिनिटं आणि एका गोलने मागे असाल तर एक साइड बॅक काढून तिसरा फॉरवर्ड. याच्या पलीकडे बाहेरून ओरडून काही बदलायला जाऊ नका, निम्म्यांना ऐकू जातं आणि निम्म्यांना नाही.

कोल्हापूर जवळच आहे. हंगाम चालू असताना पोरांना घेऊन शाहू स्टेडियमवर जा, जमेल तेवढं वर बसा आणि प्रत्येकाला आपल्या जागेचा एक खेळाडू नेमून द्या. बॉल लांब असताना तो कुठे उभा राहतो, तेवढंच त्याने अर्धा तास बघायचं.

डाव्या पायाच्या पोराला लेफ्ट बॅक खेळवा, लेफ्ट हाफ नको. उजव्या पायाचा बॅक डावीकडे दाबात सापडला की बॉल उजव्या पायावर घ्यायला आत वळतो, आणि तिथेच हिसकला जातो. डाव्या पायाचा तोच बॉल पहिल्या स्पर्शात लाइनच्या बाजूने पुढे मारू शकतो. त्याच्या पुढे उजव्या पायाचा लेफ्ट हाफ ठेवा. तो बॉल घेऊन आत आला की बाहेरची कड रिकामी होते, आणि तिथून तुमचा लेफ्ट बॅक चढून डाव्या पायाने गोलसमोर क्रॉस टाकेल. तो चढल्यावर मधला थांबणारा हाफ डावीकडे सरकून त्याची जागा धरेल, एवढं त्या दोघांकडून घोटून घ्या.