'कन्सिस्टंट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: नेटवर्क शिकवणाऱ्या एका पुस्तिकेत 'लिंक अ‍ॅट्रिब्यूट्सचा कन्सिस्टंट वापर' याचं मराठी 'लिंकच्या गुणधर्मांचा सातत्यपूर्ण वापर' असं केलं आहे. 'सातत्यपूर्ण' खटकतं, तिथे 'सुसंगत' घालावं की 'एकसमान'?

खटकतं ते बरोबरच आहे. सातत्य 'सतत'वरून आलं, त्यात काळ आहे. रोज न चुकता रियाज करणाऱ्याकडे सातत्य असतं. इथे काळाचा संबंध नाही, एकाच नेटवर्कमधल्या अनेक राउटरांचा आहे. 'सुसंगत' जवळ येतं, पण सुसंगती एकट्याच्या बोलण्यातही असू शकते. दोन साक्षीदारांच्या साक्षी आपापल्या जागी सुसंगत असतात, तरी एकमेकींशी जुळत नाहीत. नेटवर्कमध्ये घोटाळा होतो तो नेमका असाच.

ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस (राउटरांनी वाटा शोधण्याच्या दोन नियमपद्धती) चालणाऱ्या नेटवर्कमध्ये वाट ठरवणारा कोणी मुख्य नसतो. प्रत्येक राउटर आपल्या लिंकांची, म्हणजे शेजारच्या राउटरांशी असलेल्या जोडण्यांची, माहिती जाहीर करतो, ती सगळीकडे पसरते, आणि मग प्रत्येक जण तोच नकाशा समोर ठेवून डायक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाच्या रीतीने जवळची वाट स्वतंत्रपणे काढतो. आता क आणि ख हे दोन राउटर घ्या. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, ग या तिसऱ्या राउटरकडे जायचा आहे. क–ग लिंकची कॉस्ट (वाट निवडताना धरायचा, माणसाने ठरवून दिलेला आकडा) १०, विलंब ९ मिलिसेकंद. ख–ग ची कॉस्ट ३०, विलंब ३. क–ख ची कॉस्ट १०, विलंब २. क विलंब पाहतो: थेट गेलं तर ९, ख वरून ५. तो पॅकेट ख ला देतो. ख कॉस्ट पाहतो: थेट ३०, क वरून २०. तो ते क ला परत देतो. दोघांचा नकाशा एकच, दोघांचं गणित बिनचूक, आणि पॅकेट दोघांमध्ये फिरत राहतं. दर टप्प्याला टीटीएलचा, म्हणजे पॅकेटवर लिहिलेल्या आयुष्याचा, आकडा एकाने उतरतो आणि शून्यावर आला की पॅकेट टाकून दिलं जातं. लिनक्सवरून निघालेल्या पॅकेटवर हा आकडा सहसा ६४ असतो, म्हणजे तेवढ्या टप्प्यांत ते संपतं.

'एकसमान' का नको, तेही या उदाहरणात दिसतं. आकडे समान असायला हवेत असं कोणीच म्हणत नाही. एकाच लिंकच्या दोन दिशांना वेगळी कॉस्ट देणंही ओएसपीएफमध्ये चालतं. समान हवं ते एवढंच, की कोणत्या कामासाठी कोणता आकडा वाचायचा. 'एकमत' हा शब्दही टाळावा. एकमत चर्चेतून होतं, आणि संगणकशास्त्रात 'कन्सेन्सस'ला तोच शब्द लागणार आहे. राउटर वाटेबद्दल चर्चा करत नाहीत. एकच मजकूर वाचतात आणि आपापला निष्कर्ष काढतात.

यासाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: एकवाक्यता. 'या बाबतीत अभ्यासकांत एकवाक्यता नाही' असं आपण सहज लिहितो. अभ्यासक वेगवेगळे बसून लिहितात. प्रश्न त्यांचं म्हणणं एका अर्थाला येतं का, एवढाच असतो. शब्दाचं मूळ मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात, आहे. जैमिनीचं सूत्र म्हणतं, 'अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्': अर्थ एक असेल आणि तोडल्यावर तुकड्यांना एकमेकांची अपेक्षा उरत असेल, तर ते एक वाक्य. क चा निर्णय हा असाच तुकडा आहे. ख ने पुढे काय करावं, याची अपेक्षा त्यात दडलेली असते. मला हा शब्द इथे इतका चपखल वाटतो तो यामुळेच.

यातला 'कोणत्या कामासाठी' हा भाग इंटरनेटच्या मानकांत स्पष्टपणे आला तो ऑक्टोबर २०२० मध्ये. पूर्वी लिंकची विलंबासारखी जादा माहिती आरएसव्हीपी-टीई (ठरावीक वाटा आखून देणारी पद्धत) या एका वाचकासाठी जाहीर होत असे. मग सेगमेंट राउटिंगसारखे (पॅकेटवरच वाटेचे टप्पे लिहिणारी पद्धत) नवे वाचक आले आणि जाहीर झालेला आकडा कोणासाठी आहे, हे ओळखणं अवघड झालं. म्हणून आयएस-आयएससाठी आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) ८९१९ आणि ओएसपीएफसाठी ८९२० यांनी माहितीला वाचकाची खूण जोडली, एकेका उपयोगाला एकेक बिट. २०२३ मध्ये त्यांच्या जागी ९४७९ आणि ९४९२ आले.

जाता जाता 'गुणधर्म'बद्दल. उकळणं हा पाण्याचा गुणधर्म. तो कोणी दिलेला नसतो. लिंकचा विलंब मोजता येतो, पण कॉस्ट आणि रंग (लिंकांचे गट पाडण्याची खूण) नेटवर्क चालवणारा माणूस ठरवून देतो. दोन्ही प्रकार पोटात घेणारा 'गुणविशेष' मला बरा वाटतो. 'लिंक' मात्र राहू द्यावी. 'दुवा' म्हटलं की आज वाचकाला संकेतस्थळाचा पत्ता आठवतो, आणि 'लिंक डाऊन आहे' हे तर सगळे मराठीतच म्हणतात.

'एकवाक्यता'चं विशेषण सहज होत नाही, म्हणून वाक्य थोडं फिरवावं लागेल: 'लिंकचे गुणविशेष सर्व राउटरांनी एकवाक्यतेने वापरणे'. शीर्षकासाठी लहान हवं असेल तर 'लिंकच्या गुणविशेषांच्या वापरातील एकवाक्यता'.