उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात तासभर गप्पा मारत थांबण्याचा खरंच काही उपयोग असतो का?

तुमचं म्हणणं असं, की उपदेश ऐकला, प्रार्थना केली, आशीर्वाद घेतला, मग घरी जावं. चहाचे कप धरून उभं राहण्याचा विश्वासाशी काय संबंध? लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा मीही दोन वर्षं हेच करायचे. शेवटचं 'आमेन' झालं की चपला शोधायच्या आणि रिक्षा धरायची.

माझं माहेर नगरचं. तिथली मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, 1833 ची, अमेरिकन मराठी मिशनची, आणि निम्मी आमच्या नात्यातली. तिथे 'सलाम, सलाम' करता करताच अर्धा तास जायचा. आईला आवारातून हलवायला वडिलांना तीन हाका माराव्या लागत. पिंपरीत मात्र जालन्याचे एका कोपऱ्यात, सोलापूरचे दुसऱ्या. मी कुठे उभी राहणार?

मग यांची नोकरी गेली. उपासनेत पाळकसाहेबांनी प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या तेव्हा मी उठून म्हणाले, "आमच्या कुटुंबासाठी प्रार्थना करा." सगळे एवढंच म्हणतात. भरल्या चर्चमध्ये 'मुलीची फी थकली आहे' असं कोण म्हणेल? त्या दिवशी नेमका धो धो पाऊस. पोर्चमध्ये अडकले. शेजारी निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांनी हातात चहा दिला आणि विचारलं, "मुलगी गप्प गप्प दिसते हल्ली, बरं आहे ना?" झालं, सगळं बोलून बसले.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, "एक-दोघांच्या कानावर घालू का? तुला चालत असेल तरच." बुधवारी मंडळीतल्या एका वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. काम सहाच महिन्यांचं मिळालं, पण फी भरली गेली. माझ्या मते चहाड्या आणि सहवास यांत फरक तेवढाच: आधी विचारलं की नाही.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2, वचन 42 काढून बघा. पहिली मंडळी चार गोष्टींना धरून होती: शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. यातल्या तीन आपल्या उपासनेच्या क्रमात छापलेल्या असतात. सहवासाला मात्र तिथे ओळच नाही. त्याला जागा मिळते ती पोर्चमध्ये, नाहीतर हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी. आमच्याकडे त्या दिवशीच्या लिलावात एकच भोपळा चारदा विकला जातो, कारण घेणारा पैसे भरून तो परत टेबलावर ठेवतो. त्या हशात जालना-सोलापूर कुणाच्या लक्षात राहत नाही.

सगळं गोड आहे असं नाही. कंपू होतात, मुलींच्या लग्नावरून नको ते प्रश्न येतात, नवा माणूस भिंतीला टेकून मोबाइल बघत राहतो. हे दुखणंही जुनंच. करिंथच्या मंडळीत काही जण भरपेट जेवायचे आणि काही उपाशी राहायचे, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात त्यांना चांगलंच सुनावलंय. पण त्याने एकत्र जेवणं बंद करा असं सांगितलं नाही, एकमेकांसाठी थांबा म्हणाला.

तुम्हाला गप्पांचा कंटाळा असेल तर गप्पा मारू नका. आमच्याकडे उपासनेनंतर खुर्च्या उचलून संडे स्कूलच्या खोलीत न्याव्या लागतात आणि माणसं नेहमी कमी पडतात. तुमच्याकडेही असं काहीतरी असेलच. दोन रविवार ते करा. तिसऱ्या रविवारी कुणीतरी चहा आणून देईल, साखर जरा जास्तच असेल.