नर्सिंग कॉलेजसाठी देणग्या मिळवण्याचं काम: घ्यावं का, आणि सुरुवात कुठून?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुण्यात नऊ वर्षं कंपन्यांच्या सीएसआर विभागांत, म्हणजे सामाजिक कामांसाठी कंपनीचे पैसे देणाऱ्या विभागांत, काम केलंत, आता एका खासगी विद्यापीठाच्या नर्सिंग कॉलेजने निधी आणि देणगीदार-संपर्क प्रमुख म्हणून बोलावलंय, पहिल्या वर्षाचं लक्ष्य दोन कोटी. घ्यावं का, आणि घेतलं तर सुरुवात कुठून करावी, असं विचारलंय. मी नर्स नाही. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि अशाच एका कॉलेजात अकरा वर्षं हेच काम केलं. त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

काम घ्या. पण दोन कोटींना मान डोलावून जाऊ नका. हा आकडा कुठून काढला ते आधी विचारा. बहुतेक वेळा तो त्याच आवारातल्या मेडिकल कॉलेजकडे बघून काढलेला असतो. मेडिकलचा माजी विद्यार्थी तीस वर्षांनी स्वतःचं हॉस्पिटल चालवत असतो. नर्सिंगची माजी विद्यार्थिनी तीस वर्षांनी कुठल्यातरी सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर असते आणि घराचे हप्ते फेडत असते. बरा झालेला पेशंट पेढ्यांचा पुडा घेऊन येतो तो डॉक्टरांच्या केबिनमध्ये. रात्री तीन वाजता जिने त्याचं सलाइन बदललं, अंगाखालची ओली चादर काढली, तिचं नाव त्याला ठाऊकच नसतं. त्याच्यासाठी ती नुसती ‘सिस्टर’. माझ्या मते या नोकरीतलं खरं काम एवढंच आहे: ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला नर्स दिसेल अशी व्यवस्था करायची. पावत्या, फलक, शाल-श्रीफळ हे कोणीही करू शकतं.

परदेशातली दोन उदाहरणं मी आमच्या विश्वस्तांना नेहमी सांगायचे. कॅलिफोर्नियात बेटी मूर नावाच्या बाईंना हॉस्पिटलात असताना दुसऱ्या पेशंटचं इन्सुलिनचं इंजेक्शन चुकून दिलं गेलं. त्या वाचल्या. त्यांचे पती गॉर्डन मूर हे इंटेलचे एक संस्थापक. पुढे २००७ मध्ये त्यांच्या फाउंडेशनने डेव्हिस इथल्या विद्यापीठाला नर्सिंगचं नवं स्कूल काढण्यासाठी १० कोटी डॉलर दिले. बाईंच्या जागी दुसरं कोणी असतं तर खटला भरला असता. त्यांनी त्यातून नर्सेस चांगल्या तयार व्हायला हव्यात असा अर्थ काढला. दुसरं उदाहरण २०२२ चं. एस्टी लॉडर या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या घराण्यातले लेनर्ड लॉडर यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलला साडेबारा कोटी डॉलर दिले. त्यात इमारत नाही. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी नर्स, होणाऱ्यांची फी त्यातून भरायची आणि त्यांनी शिकून झाल्यावर दोन वर्षं जिथे सेवा पोहोचत नाहीत अशा वस्त्यांत काम करावं, अशी अपेक्षा. आकडे बघून दडपून जाऊ नका. बघायचं ते इतकंच की दोन्ही ठिकाणी पैसे नर्सच्या कामाकडे बघून आले.

आणि नर्सिंगचं शिक्षण हे मुळात वर्गणीतूनच उभं राहिलेलं आहे. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, १८५५ साली, लंडनमध्ये नाइटिंगेल फंड सुरू झाला. सैनिकांनी एकेका दिवसाचा पगार दिला, सगळे मिळून सुमारे ४४,००० पौंड जमले. शाळा मात्र सेंट थॉमस हॉस्पिटलात १८६० मध्ये उघडली. मधली साडेचार वर्षं पैसे आहेत आणि योजना ठरत नाही, अशी गेली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या कॉलेजची ट्रस्टी मीटिंगच आठवली.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. एका निवृत्त कारखानदारांच्या पत्नी आमच्याच आयसीयूत महिनाभर राहून गेल्या. त्या गेल्यावर कारखानदारांनी स्किल लॅबसाठी, म्हणजे मुलींच्या सरावाच्या खोलीसाठी, भली मोठी रक्कम दिली. त्यातून सिम्युलेटर आणला, म्हणजे तो श्वास घेणारा, नाडी लागणारा पुतळा. मुली त्याला ‘बाबूराव’ म्हणायच्या. म्हणजे नंतर म्हणायला लागल्या. पहिले सात महिने बाबूराव खोक्यातच होता. खोलीला एसी नव्हता, तो चालवायला शिकलेला माणूस नव्हता आणि वार्षिक देखभालीचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे यावर विद्यापीठाचा लेखा विभाग आणि कॉलेज यांचा पत्रव्यवहार चालला होता. देणगीदार पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी न कळवता आले. मी त्यांना लॅब दाखवायला नेलं आणि दार उघडल्यावर माझ्याच लक्षात आलं. चिडले नाहीत. “खोकं तरी उघडायचं होतं,” एवढंच म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी पैसे दिले नाहीत. दीपप्रज्वलनाच्या कार्यक्रमाला मात्र दरवर्षी येतात, मागच्या रांगेत बसतात आणि चहा न घेता जातात.

चूक विद्यापीठाची होतीच, पण माझी जास्त होती. वस्तूची किंमत मी मागितली, ती वस्तू चालवायची किंमत मागितली नाही. त्यानंतर कुठल्याही प्रस्तावात पाच वर्षांची देखभाल, माणसाचा पगार आणि वीज धरल्याशिवाय मी तो कागद बाहेर जाऊ दिला नाही. रक्कम वाढलेली दिसते म्हणून विश्वस्त कुरकुरतात. कुरकुरू द्या.

सीएसआरबद्दल मी तुम्हाला काय सांगणार, पण टेबलाच्या अलीकडून ते वेगळं दिसतं. कायमनिधीसाठी म्हणजे कॉर्पससाठी सीएसआरचे पैसे चालत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. विद्यापीठाच्या कुलसचिवांना बहुधा नसेल, ते तुमच्याकडून कॉर्पसचीच अपेक्षा धरून बसले असतील. दुसरी अडचण मला तिसऱ्या वर्षी कळली. सीएसआरच्या नियमांत चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं, म्हणजे एकूण चार आर्थिक वर्षं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, पण प्रवेश होतात पावसाळ्यानंतर. म्हणजे एक बॅच पाच आर्थिक वर्षांना शिवते. एखाद्या कंपनीने ‘पूर्ण बॅच दत्तक’ घेतली की शेवटच्या टप्प्यात, मुली परीक्षेला बसायच्या ऐन वेळी, पैसे संपलेले असतात. तो शेवटचा तुकडा दुसऱ्या कुणाकडून येणार हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात “मॅडम, काही रक्कम शिल्लक आहे, लगेच प्रस्ताव पाठवता का?” असा फोन येतोच. त्यासाठी दोन-तीन छोटे प्रस्ताव तयार करून कपाटात ठेवावेत. आत्तापर्यंत हे फोन तुम्ही करत होतात, आता घ्यायचे.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे ते. माजी विद्यार्थिनी. सगळे सांगतील की त्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. माझा अनुभव उलटा आहे. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, सगळं महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, भरलेलं आहे. पण ते पैसे येईपर्यंत मेसचं बिल थांबत नाही. गणवेश, बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, अनामत रक्कम, ग्रामीण पोस्टिंगचं बसभाडं हे सगळं आधी लागतं. आमच्याकडे एक मुलगी पहिल्या सहामाहीत सुट्टीला म्हणून घरी गेली ती आलीच नाही. चौकशी केली तर मेसचे साडेसात हजार थकले होते. साडेसात हजार! त्याच आठवड्यात आम्ही एका स्वागत कमानीवर त्याहून जास्त खर्च केला होता.

ही गोष्ट मी जिल्हा रुग्णालयातल्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलता बोलता सांगितली. तिने स्वतःच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. महिना दोनशे रुपये, ज्यांना जमेल त्यांनी. पहिल्या वर्षी एकेचाळीस जणी आल्या. या पैशांतून मुलीला बिनव्याजी उचल द्यायची, शिष्यवृत्ती आली की तिने परत करायची. नाही केली तर नोटीस नाही, फक्त नोकरी लागल्यावर आठवण करायची. बँकवाली असल्यामुळे मला वाटलं निम्मे बुडतील. फारच थोडे बुडाले. आणि परत करणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी पुढे स्वतः दोनशेवाल्या झाल्या. रकमेने हा निधी कधीच मोठा नव्हता, पण कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसमोर मी तोच कागद पहिला ठेवायचे. ज्यांचा पगार तुम्हाला माहीत आहे त्या बायका दरमहा देतायत, हे बघितल्यावर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

यातल्या अनेकजणी आता लंडनला, दुबईला, आयर्लंडला आहेत. त्यांच्याबाबत एक गोष्ट पक्की करून घ्या: पासपोर्ट. भारतीय पासपोर्ट असलेली मुलगी परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं की, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तोच रुपया एफसीआरएमध्ये, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्यात, येतो. मग नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यायला हवेत. मुली नागरिकत्व घेतात आणि आपल्याला कळवायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. दरवर्षी विचारायचं, न लाजता. करसवलतीच्या नावाने तर देणगी मागूच नका. नवी करप्रणाली घेतलेल्या माणसाला ८०-जीची, म्हणजे देणगीवरची, करवजावट मिळतच नाही आणि हे त्याला जुलैमध्ये त्याच्या सीएकडून कळलं तर तुमची पत गेली.

पेशंटच्या नातेवाइकांबद्दल वाद होईल, पण मी माझं मत सांगते. हॉस्पिटलच्या बिलिंगमधून यादी काढून फोन करायला तुम्हाला सांगतील. करू नका. आजारपणाची माहिती त्या माणसाने उपचारासाठी दिलेली असते. आणि वॉर्डातल्या सिस्टरला तर देणगीचं पत्रक वाटायला कधीच लावू नका. तिच्या हातून औषध घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आम्ही फक्त डिस्चार्ज काउंटरवर एक वही ठेवली: ‘कोणा सिस्टरबद्दल काही लिहायचं आहे?’ पैशांचा उल्लेख नाही. लोक पानं पानं लिहायचे. ज्यांनी फोन नंबर आपणहून लिहिला, त्यांना मी वर्षातून एकदा कॉलेज बघायला बोलवायचे. त्या भेटीत भाषण नाही, चित्रफीत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुली कृत्रिम हातावर शीर शोधताना दाखवायच्या, आणि पाहुण्यालाही सुई धरायला द्यायची. घाम फुटतो. त्या दहा मिनिटांनी जेवढं काम केलं तेवढं आमच्या चकचकीत माहितीपत्रकाने अकरा वर्षांत केलं नसेल.

मुलींना मंचावर उभं करून त्यांची गरिबी वाचून दाखवणंही बंद करा. एकदा आमच्या निवेदकाने शिष्यवृत्ती देताना ‘वडील ऊसतोड कामगार’ असं माइकवरून सांगितलं. मुलगी पाकीट घेऊन मागच्या दाराने गेली आणि दोन दिवस वर्गात आली नाही. देणगीदाराला पत्र हवं असतं, ते मुलीने लिहावं, पण वॉर्डात काय शिकले याबद्दल. माझ्याकडे आलेलं सगळ्यात सुंदर पत्र एका मुलीने पहिली प्रसूती बघितल्यावर लिहिलं होतं. त्यात ‘आभार’ हा शब्दच नव्हता. मी तसंच पाठवलं.

नाव देण्याबद्दल थोडक्यात. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले, आईचं नाव लागलं, आणि शंभर वर्षांनीही आपण ‘एसएनडीटी’ (श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी) म्हणतो. १९६४ मध्ये त्याच विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज सुरू झालं त्यालाही लीलाबाई ठाकरसींचं नाव. नाव इतकं टिकतं. म्हणून नावाचा दर ठरवताना घाई नको, आणि कशाला किती रकमेला नाव द्यायचं हे विश्वस्तांच्या ठरावात आधी असू द्या. नाहीतर पाच लाखांत सभागृह जातं.

मेडिकल कॉलेजचे डीन तुमचे देणगीदार पळवणार, हेही गृहीत धरा. भांडू नका, पण कुठला देणगीदार कोणी आणला याची नोंदवही पहिल्या महिन्यापासून ठेवा आणि प्राचार्यांची त्यावर सही घ्या. प्राचार्या सोबत नसतील तर हे काम होत नाही. बहुतेक मॅडम पैसे मागायला लाजतात, त्यांना मागायला लावूही नका. त्यांनी फक्त वॉर्डबद्दल बोलावं, रक्कम तुम्ही बोला.

सही करण्याआधी एक दिवस तिथे जा. कुलसचिवांना भेटायच्या आधी वसतिगृहात जा, मुलींबरोबर मेसमध्ये जेवा, आणि गेल्या वर्षी किती मुली मधेच सोडून गेल्या, त्यातल्या किती पैशांमुळे, हे वॉर्डनला विचारा. ऑफिसात नाही, वॉर्डनला. तो आकडा घेऊन दोन कोटींच्या बोलणीला बसा. काय म्हणतात ते इथे लिहा, मग पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक कसं मांडायचं ते सांगते.