ओपन स्पेसवर बागेचं आरक्षण मागू नका

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात आमचा 48 प्लॉटांचा ले-आऊट आहे. 1994 साली पाच एकरांवर तो मंजूर झाला. मंजूर नकाशात 20 गुंठे ओपन स्पेस, म्हणजे सगळ्या प्लॉटधारकांसाठी सोडलेली मोकळी जागा, आहे. मूळ मालक वारले. आता त्यांच्या मुलांनी त्यातले चार गुंठे दोघांना खरेदीखताने विकलेत. सातबारा आमच्याच नावावर आहे, असं त्यांचं म्हणणं. एका खरेदीदाराने परवा चुन्याने पायाची आखणीही केली. त्यातच गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला असून आमची ओपन स्पेस त्यात पिवळ्या रंगात दाखवली आहे. काही जण म्हणतात, बागेचं आरक्षण टाकून घ्या. पोरं म्हणतात, एका रात्रीत मंदिर उभं करू, मग कोण हात लावतो बघू. आम्ही काय करावं? – एक निवृत्त प्राथमिक शिक्षक

उत्तर : गुरुजी, आधी निकडीचं सांगतो. प्रारूप आराखड्यावर हरकत घ्यायला नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली 30 दिवस मिळतात. ते राजपत्रात सूचना प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नाही. ती तारीख नगरपरिषदेत जाऊन आजच पाहा.

आता आरक्षणाचं. ही मागणी चांगल्या हेतूने होते आणि जागा घालवून बसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आरक्षण पडतं ते दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर, पुढे ती संपादन करायची म्हणून. तुम्ही स्वतःच अर्ज करून बागेचं आरक्षण मागितलंत, तर ही जागा त्या मुलांची खासगी मालमत्ता आहे आणि नगरपरिषदेने ती मोबदला देऊन घ्यावी, असंच तुम्ही लिहून दिल्यासारखं होईल. उद्या तेच तुमचं पत्र कोर्टात समोर ठेवतील. शिवाय त्याच अधिनियमाचं कलम 127 आहे. आराखडा मंजूर झाल्यापासून 10 वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण आपोआप उठतं. लहान नगरपरिषदांच्या तिजोरीत संपादनाला पैसा कुठे असतो? बाग तर होत नाहीच, वर जागा मोकळी होऊन मालकाच्या हातात जाते.

तुमची जागा मुळात संपादन करायचीच नाही. पाच एकर म्हणजे 200 गुंठे, त्याचे दहा टक्के 20 गुंठे. ते सोडले म्हणून तर बाकीचे प्लॉट पाडायला मंजुरी मिळाली. मालकाने त्याचा फायदा 48 प्लॉट विकून कधीच घेतलाय. म्हणून हरकतीत एवढंच मागा : मंजूर ले-आऊटमधली ही अस्तित्वातील खुली जागा आहे, ती नकाशावर तशीच दाखवावी. सर्व्हे नंबर, ले-आऊट मंजुरीचा क्रमांक आणि तारीख घाला, मंजूर नकाशाची प्रत जोडा, पोच घ्या.

पिवळ्या रंगाला घाबरू नका. पिवळा म्हणजे रहिवास विभाग, आणि तुमचा सगळा ले-आऊटच रहिवास विभागात आहे. त्या रंगाने ओपन स्पेस रद्द होत नाही. पण आज गप्प राहिलात, तर समोरचे पुढे ‘आराखड्यातच रहिवास दाखवलंय, कुणी हरकतही घेतली नाही’ असं म्हणायला मोकळे. हरकतीनंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होईल. तिथे दोघा-तिघांनीच जा आणि नकाशावर बोट ठेवून बोला. गावातल्या भ्रष्टाचारावर भाषण केलंत, तर समितीच्या टिपणात तुमचा मुद्दाच उतरत नाही.

सातबाऱ्याचा दावा वाटतो तेवढा भक्कम नाही. जुन्या ले-आऊटांत बिनशेती आदेश झाला, प्लॉट विकले गेले, पण भूमी अभिलेखकडचं कमी-जास्त पत्रक (ले-आऊटप्रमाणे सातबारे वेगळे करायचा कागद) कुणी पूर्ण करून घेतलं नाही, किंवा केलं तरी ओपन स्पेसचा सातबारा मूळ मालकाच्या नावावरच राहिला. वारस लागले की मुलांना तो उतारा मिळतो आणि आपल्याकडे अजून जमीन आहे असं त्यांना वाटू लागतं. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे. तिथे बांधता येतं की नाही हे मंजूर नकाशा ठरवतो, आणि विकलेल्या चार गुंठ्यांना त्या नकाशात प्लॉट नंबरच नाही. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही स्पष्ट आहे की मंजूर ले-आऊटमधली खुली जागा वगळायला किंवा कमी करायला परवानगी देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही यावर सांगितलेलं आहे. पंडित चेत राम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या प्रकरणात न्यायालय म्हणालं की ले-आऊटमध्ये खुली जागा राखली की मालक ती रहिवाशांसाठी विश्वस्तासारखी धरून असतो. त्याच निकालात महापालिकेलाही ती फुकटात स्वतःच्या मालकीची करून घ्यायला मनाई केली. हेही ध्यानात ठेवा, कारण काही नगरपरिषदा अशा जागेत दुकानगाळे काढायला बघतात. दुसरा निकाल 1991 चा, बंगळूर मेडिकल ट्रस्टचा. उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. आसपासच्या रहिवाशांनी दाद मागितली आणि न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. ‘तुम्हाला बोलायचा अधिकार काय’ असं कुणी विचारलं, तर हा निकाल पुढे करा.

मंदिराचं मात्र मनातून काढा. पोरांची कळकळ समजते. पण सार्वजनिक जागेत नवं धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. आज तुम्ही तक्रारदार आहात. मंदिराचा पहिला पत्रा चढला की तुम्हीही अतिक्रमण करणारे, आणि खटल्यात समोरच्याला तेवढंच हवं असतं.

कागद गोळा करताना गावातल्या एकाच टेबलावर विसंबू नका. मंजूर नकाशा नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात असतोच, पण तीस वर्षांपूर्वीची फाईल ‘सापडत नाही’ हे उत्तर ठरलेलं. तोच नकाशा सोलापूरच्या नगररचना कार्यालयात आणि बिनशेती आदेश देणाऱ्या महसूल कार्यालयात असायला हवा. तिन्हीकडे एकाच दिवशी माहिती अधिकाराचे अर्ज टाका. बिनशेती आदेशाच्या अटी नीट वाचा. रस्ते आणि खुली जागा यांबद्दलची अट तुमच्या सगळ्यात कामाची. तुमच्या स्वतःच्या खरेदीखतातही ओपन स्पेसचा उल्लेख सापडू शकतो.

या आठवड्यात आणखी दोन पत्रं गेली पाहिजेत. पहिलं मुख्याधिकाऱ्यांना : या जागेवर बांधकाम परवानगी देऊ नये, दिली असल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम 51 खाली मागे घ्यावी, विनापरवाना काम सुरू झाल्यास कलम 53 ची नोटीस काढावी. दुसरं ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या तलाठ्यांना : खरेदीखतांच्या फेरफारावर लेखी हरकत. हरकत आली की ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकाऱ्यांना सुनावणी घ्यावी लागते. फेरफार आधीच मंजूर झाला असेल तर प्रांतांकडे अपील आहे. त्याची मुदत 60 दिवसांची.

ज्याने पायाची आखणी केली, त्याला मंजूर नकाशाची प्रत घेऊन भेटा, भांडायला नको. बहुतेकदा असा माणूस दागिने मोडून, सोसायटीचं कर्ज काढून जागा घेतो, आणि त्याला कुणी मंजूर नकाशा दाखवलेलाच नसतो. पाया भरायच्या आत त्याला कळलं, तर विकणाऱ्याकडून पैसे परत मागायचा रस्ता त्याला खुला आहे. घर उभं राहिल्यावर कळलं तर त्याचा संसार आणि तुमची जागा, दोन्ही कोर्टाच्या तारखांत अडकतील.

तरीही काम थांबलं नाही तर दिवाणी दावा. 48 जणांनी वेगवेगळे दावे करायची गरज नाही. चार-पाच प्लॉटधारक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 8 खाली न्यायालयाची परवानगी घेऊन सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतात. खरेदीखतात तुम्ही पक्षकार नाही, म्हणून ते आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागा आणि बांधकामाला मनाईहुकूम मागा. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज हवा. दावा लागल्यावर लिस पेंडन्सची, म्हणजे दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, म्हणजे जागा तिसऱ्याच्या गळ्यात मारली तरी दाव्याचा निकाल त्याच्यावरही बंधनकारक राहील. खरेदीखत बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायला मुदत तीन वर्षांची असते, तेव्हा विक्री कधी कळली याची तारीख आताच लिहून ठेवा. नगरपरिषदेला प्रतिवादी करायचं असेल तर दाव्याआधी तिला नोटीस देण्याचा प्रश्न येतो, तो तुमच्या वकिलांशी बोलून ठरवा.

रत्नागिरी–नागपूर महामार्ग सांगोला, मंगळवेढ्यावरून गेल्यापासून आपल्या जिल्ह्यातल्या लहान गावांतही जमिनीचे भाव गुंठ्यावर बोलले जातात. वेड्या बाभळी माजलेल्या ज्या जागांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्यांवर आता डोळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी टेकायला आणि पोरांना खेळायला गावात एवढीच जागा उरते. ती राखायला तुम्ही या वयात धावपळ करताय, तेव्हा एक गोष्ट अर्धवट सोडू नका : सरकारी मोजणी. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे 20 गुंठ्यांच्या मोजणीचा अर्ज नगरपरिषदेमार्फत करायला लावा. नगरपरिषदेने टाळाटाळ केली तर ती मोजणी दाव्यात कोर्ट कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसाकडून, मागा. हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्या की नगरपरिषदेची लेखी परवानगी घेऊन तारेचं कुंपण घाला आणि त्याचा खर्च 48 घरांत वाटून घ्या.